हॉटेलचे पॉइंट आणि घरचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी आपल्या वर्धापनदिनाला बाहेरच्या कोणी विदुषी येऊन व्याख्यान देतात. यंदा कार्यकारिणीने ठरवले की, मंडळातल्याच एका सभासद भगिनीने बोलावे, आणि तेही घरातल्या एखाद्या व्यवहारावर. चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. व्यासपीठाची सवय नाही. परंतु दुधाच्या पिशवीपासून दिवाळीच्या फराळापर्यंत घरचा सारा हिशेब गेली बावीस वर्षे मीच लिहीत आले आहे. तेव्हा बोलायचे तर हिशेबावरच बोलावे, असे ठरवले. माझा विषय आहे हॉटेलांचे पॉइंट, आणि ते देऊन खोली मागताना होणारा मनस्ताप.

विषय ऐकून काहीजणी हसल्या, ते मी पाहिले. 'आपण कुठे मोठ्या हॉटेलांत राहायला जातो?' असे त्यांना वाटले असेल. पण आपल्या नाशकातल्या कारखान्यांतून किती घरचे पुरुष कामासाठी परगावी जातात, ते मोजून पाहा. आमच्या एकट्या गल्लीत सहा घरे निघतील. यजमान परगावी हॉटेलात उतरतात आणि तिथले पॉइंट त्यांच्या नावावर साठतात. तेव्हा हा विषय आपल्या उंबरठ्याच्या आतलाच आहे.

पॉइंट म्हणजे काय, ते आधी सांगते. मोठ्या हॉटेलांच्या साखळ्या असतात. एकाच नावाची पाटी अनेक शहरांतून लागलेली असते. त्यांच्या योजनेचे सभासद व्हायला पैसे पडत नाहीत. सभासद त्यांच्या हॉटेलात उतरला की, बिलाच्या प्रमाणात त्याच्या खात्यावर पॉइंट जमा होतात. मॅरियट आणि हिल्टन यांच्या बहुतेक हॉटेलांत एका अमेरिकन डॉलरमागे १० पॉइंट, असा मूळ दर आहे. आपण बिल रुपयांत भरले तरी हिशेब डॉलरचा धरतात. पुरेसे पॉइंट साठले की त्यांवर फुकट खोली मिळते, असे सांगतात. नोकरीच्या कामासाठी गेलेल्या माणसाचे बिल कंपनी भरते, पॉइंट मात्र उतरणाऱ्याच्या नावावर पडतात. म्हणून या मंडळींना त्याची गोडी फार.

ही युक्ती हॉटेलवाल्यांनी विमानवाल्यांकडून उचलली. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली अशी योजना काढली. तिच्या मागोमाग १९८३ साली हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेलांनी काढली. परंतु याहूनही जुना असा एक प्रकार होता, आणि तो आपल्यासारख्या गृहिणींचा होता. अमेरिकेत स्पेरी आणि हचिन्सन या कंपनीने १८९६ साली ग्रीन स्टॅम्प म्हणून हिरवी तिकिटे काढली. किराणा घेतला की दुकानदार ती तिकिटे द्यायचा. बायका ती घरी वहीत चिकटवायच्या, आणि वह्या भरल्या की छापील यादीत पाहून भांडी, दिवे, चादरी असे काहीबाही घरी आणायच्या. अमुक वस्तूला इतक्या वह्या, असे त्या यादीत छापलेले असे. माझ्या मुलीने हे मला वाचून दाखवले, तेव्हा मला त्या बायका अगदी ओळखीच्या वाटल्या. चहाच्या पुड्यांतली कुपने डब्यात जपून ठेवणाऱ्या आपण काय वेगळ्या?

मात्र त्या छापील यादीची गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. हॉटेलांच्या पॉइंटांचीसुद्धा पूर्वी अशी यादी असे. कोणते हॉटेल कोणत्या वर्गात आणि त्या वर्गाला एका रात्रीचे किती पॉइंट, ते आधी वाचता येत असे. हिल्टनने ती यादी २०१७ साली काढून टाकली, मॅरियटने २०२२ च्या मार्चमध्ये. आता पॉइंटांचा भाव भाजीबाजारासारखा झाला आहे. आज मेथीची जुडी दहाला, उद्या तीसला. फरक इतकाच की, मंडईत मी चार दुकाने फिरून घासाघीस करू शकते. इथे दुकान एकच, तराजू त्यांचा आणि मापही त्यांचेच.

आता आमच्या घरचे सांगते. साखळीचे नाव मी घेणार नाही, कारण गाऱ्हाणे कुणा एका पाटीपुरते नाही.

माझे यजमान पॅकिंगची यंत्रे बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करतात. हैदराबाद, अहमदाबाद, चेन्नई, विशाखापट्टणम असे त्यांचे फिरणे. ते ज्या दिवशी घरी नसत, त्या दिवशी मी दूध अर्धा लिटर कमी घेत असे, आणि दुधाच्या वहीत तशी खूण करीत असे. २०१५ ते २०२३ अशा नऊ वर्षांच्या वह्या काढून मी त्या खुणा मोजल्या. ४१२ रात्री ते घराबाहेर होते. त्यांतल्या २६४ रात्री या एका साखळीच्या हॉटेलांत गेल्या, आणि त्यांचे पॉइंट साठले सुमारे १,८०,०००. म्हणजे एका रात्रीचे साधारण ६८०.

भगिनींनो, त्या रात्री त्यांनी हॉटेलात काढल्या, तशा मी घरी काढल्या. मुलाला ताप भरला ती रात्र त्यांत आहे. पावसात वरच्या टाकीचा पाइप फुटला ती रात्र त्यांत आहे. सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते, त्याच्या आदल्या दिवशी चेन्नईला यंत्र बंद पडले, ती रात्रही त्यांत आहे. पॉइंट त्यांच्या नावावर लागले हे ठीकच, नियमच तसा आहे. पण ते साठले कशातून, हे घरातल्या बाईने विसरू नये.

त्या पॉइंटांकडे सर्वांत जास्त लक्ष सासूबाईंचे होते. त्यांना तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षे पूर्ण झाली होती. त्या म्हणत, "अगं, हा इतकी वर्षे जिथे झोपतो ती खोली एकदा बघू तरी दे मला." आणि समुद्र त्यांनी एकदाच पाहिला होता, तोही मुंबईला एका लग्नाच्या गडबडीत. तेव्हा ठरले की गोव्याला, समुद्राजवळच्या हॉटेलात, पाचही जणांनी तीन रात्री जायचे. पाच माणसांना खोल्या दोन लागणार. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मुलीने मोबाईलवर पाहिले, तर त्या हॉटेलावर 'एका रात्रीचे ३०,००० पॉइंटपासून' असे लिहिलेले होते. दोन खोल्या, तीन रात्री, सहा गुणिले तीस हजार: बरोबर १,८०,०००. जणू आमच्यासाठीच मापून ठेवले होते! सासूबाईंनी ट्रंकेतून नवे लुगडे काढून उन्हात घातले.

पुढे काय झाले ते ऐका. दिवाळीच्या सुट्टीचे दिवस घातले, तर पॉइंटवर खोली नाही. नुसते 'नाही', कारण काही नाही. त्याच दिवसांना पैसे देऊन पाहिले, तर खोल्या हव्या तितक्या, चौदा हजार रुपये रात्रीला. यजमानांनी हॉटेलात फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, रूम आहे, पण पॉइंटवर नाही." मग साखळीच्या मुख्य नंबरवर फोन लावला. चाळीस मिनिटे वाजंत्री ऐकल्यावर उत्तर मिळाले की, पॉइंटवरच्या साध्या खोल्या संपल्या, पण समुद्र दिसणारी मोठी खोली देता येईल, ६४,००० पॉइंट एका रात्रीला. सहांचे झाले ३,८४,०००. हे पॉइंट साठवायला यजमानांना आणखी किती वर्षे घराबाहेर झोपावे लागेल, तो हिशेब मी त्यांच्यासमोर मांडला नाही.

नाताळात तर विचारूच नका. २०२४ च्या मे महिन्यात पुन्हा पाहिले, तेव्हा तीच साधी खोली ४७,००० ला होती. सासूबाईंचे लुगडे पुन्हा ट्रंकेत गेले. त्या काही बोलल्या नाहीत. पण आपल्याला ठाऊक आहे, म्हातारी माणसे बोलत नाहीत तेव्हा जास्त लागते.

मला राग आला होता, पण नुसत्या रागाने काही कळत नाही. म्हणून हे असे का होते, ते समजून घ्यायचे मी मनावर घेतले. यजमान इतकी वर्षे हॉटेलांत उतरत असल्याने तिथल्या मॅनेजर मंडळींशी त्यांची ओळख झालेली आहे, आणि इंग्रजी नियम मुलीने मला मराठीतून सांगितले. त्यातून जे कळले ते थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट अशी की, हॉटेलवर पाटी एकाची असते आणि इमारत बहुधा दुसऱ्याची. पॉइंट देते ती पाटीवाली साखळी. खोली द्यायची असते इमारतीच्या मालकाने. पाहुणा पॉइंटवर राहिला, तर साखळी आपल्या निधीतून मालकाला काही रक्कम देते. हॉटेल जवळजवळ भरलेले असेल तर ही रक्कम बाजारभावाच्या आसपास असते. मोकळे असेल तर अगदी थोडी. आता तुम्हीच सांगा, सणासुदीला रोख चौदा हजार देणारे गिऱ्हाईक दारात येणार हे माहीत असताना, मालक आपल्या चांगल्या खोल्या पॉइंटवाल्यांसाठी कशाला मांडून ठेवील?

दुसरी गोष्ट शब्दांची. स्टारवुड नावाच्या साखळीने १९९९ साली योजना काढली, तेव्हा जाहीर केले की, आमच्याकडे पॉइंटवर खोली नाकारण्याचे कोणतेही दिवस नाहीत. लोकांना ते फार आवडले. पुढे २०१६ साली मॅरियटने ती साखळी विकत घेतली, आणि २०१९ साली दोघांच्या एकत्र योजनेला बॉनव्हॉय हे नाव दिले. अशी वचने आजही निरनिराळ्या साखळ्यांच्या कागदांवर वाचायला मिळतात. पण वचन असते ते 'साध्या खोली'चे. कोणती खोली साधी, हे ठरवायचे हॉटेलने. खिडकीतून चार झाडे जास्त दिसली की, ती साधी राहिली नाही! वचन मोडले असे म्हणता येत नाही, आणि खोली तर मिळत नाही.

तिसरी गोष्ट महागाईची. पूर्वी पॉइंट मिळत ते हॉटेलात राहून. आता साखळ्या ते बँकांना विकतात, आणि बँका आपल्या कार्डांवर वाटतात. आपल्याकडे एचडीएफसी बँकेने मॅरियटच्या नावाचे कार्ड २०२३ साली काढले. म्हणजे पॉइंट हातात असलेले लोक वाढत चालले, समुद्रकाठच्या खोल्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. ताटे तेवढीच आणि पंगतीला माणसे दुप्पट, असे झाले म्हणजे काय होते, ते कार्य काढलेल्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हे पॉइंट म्हणजे आपली ठेव नव्हे. नियमांच्या कागदात लिहिलेलेच असते की, पॉइंटांचा भाव, त्यांची मुदत, सगळी योजनाच बदलण्याचा हक्क साखळीचा आहे. मॅरियट आणि हिल्टन यांच्या योजनांत २४ महिने खात्यावर काही हालचाल झाली नाही, तर पॉइंट जातात. बँकेतल्या ठेवीवर व्याज मिळते आणि मुदत कागदावर असते. आपल्या मंडळाच्या भिशीत वही सर्वांसमोर उघडते, आणि कुणाची पाळी कधी ते प्रत्येकीला पाठ असते. पॉइंटांची वही मात्र त्यांच्या घरी, शाई त्यांची, आणि खोडरबरही त्यांचेच.

आता तुम्ही विचाराल, मग शेवटी गेलात की नाही? गेलो. २०२४ च्या जुलैत, भर पावसात, मंगळवार ते शुक्रवार. त्या दिवसांना साध्या खोलीचा भाव २४,००० झाला होता. समुद्राकडे पाठ केलेली माणसेच गोव्यात फार, म्हणून. सहांचे १,४४,००० पॉइंट गेले. मुलीची परीक्षा होती, ती येऊ शकली नाही. माझ्या बहिणीकडे राहिली. मुलाची तीन दिवस शाळा बुडाली. निघण्याच्या आदल्या दिवशी हैदराबादहून यंत्राचा फोन आला तेव्हा माझ्या पोटात गोळाच उठला. कारण पॉइंट ज्यांच्या नावाचे, ते स्वतः दारात हजर हवेत, नाहीतर आधी लेखी कळवून ठेवायला हवे, असे आम्हाला सांगितलेले होते. सुदैवाने दुसरे गृहस्थ त्या कामाला गेले. नाशिक रोडहून मंगला एक्स्प्रेसने आम्ही मडगावला उतरलो, आणि पावसातच हॉटेल गाठले.

सकाळचा नाश्ता एका खोलीमागे दोघांनाच, बाकी सर्व खाण्यापिण्याचे वेगळे बिल, ही पाटी मी आधी वाचून ठेवली होती, म्हणून घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. त्याचा उपयोग झाला. समुद्र खवळलेला, पाण्यात पाऊल टाकायची सोय नाही. पण सासूबाई छत्री घेऊन तासभर उभ्या राहिल्या आणि पाहत राहिल्या. रात्री त्यांनी खोलीतल्या पांढऱ्या चादरीवरून हात फिरवला, दिवे लावून पाहिले, पडदे सारून पाहिले, आणि मुलाला म्हणाल्या, "खोली छान आहे रे. पण एकट्याने झोपण्यासारखी नाही." यजमानांना काही उत्तर देता आले नाही.

मी घरी आल्यावर हिशेब लिहिला. १,४४,००० भागिले ६८०, म्हणजे २११ रात्री. दोन खोल्यांतल्या तीन रात्रींसाठी दोनशे अकरा रात्री दिल्या. आम्ही मागितली ती तारीख मिळाली नाही, मुलगी बरोबर नव्हती, आणि तरी शेजारीपाजारी म्हणाले, "तुम्हाला तर फुकट पडले!" भगिनींनो, या एका 'फुकट' शब्दापाशी मला थोडे थांबायचे आहे. कंपनीने बिल भरले, म्हणून रुपये आमचे गेले नाहीत, हे खरे. पण घरातला माणूस रात्री घरात नसणे याला काही मोल आहे की नाही? बाई घरी एकटी सगळे सांभाळते, त्याचे कुठल्या खात्यावर पॉइंट पडतात? म्हणून माझे म्हणणे आहे की, ही कमाई दोघांची समजावी, आणि ती कधी व कशी खर्चायची, हे दोघांनी बसून ठरवावे.

शेवटी, उपयोगाच्या चार गोष्टी सांगते आणि पुरे करते.

घरी गेल्यावर यजमानांना विचारा की, त्यांचे पॉइंट कोणत्या साखळीत, किती, आणि किती तारखेपर्यंत चालतील. ते दुधाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. जिथे मुदत जवळ आली असेल तिथे एखादा छोटा व्यवहार करून खाते जागे ठेवता येते.

'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण पैशाला लागू आहे, पॉइंटांना नाही. हे तळे उन्हात आहे. एक-दोन रात्रींपुरते साठले की जवळच्या ठिकाणी, आडदिवसांत वापरून टाकलेले बरे. मोठ्या स्वप्नासाठी साठवायचे असेल तर ते पोस्टात किंवा बँकेत साठवावे.

पॉइंट मोजण्याआधी त्याच दिवसाचा रोख भाव पाहावा. २४,००० पॉइंट देऊन पाच हजारांची खोली मिळत असेल तर पॉइंट राखावे; चौदा हजारांची मिळत असेल तर द्यावे. हा भागाकार चौथीतल्या मुलालाही येतो, आणि या व्यवहारात तेवढे एकच शस्त्र आपल्या हाती आहे.

आणि जिथे लेखी कबूल केलेली, बुकिंगची पावती मिळालेली खोली आयत्या वेळी नाकारली, तिथे गप्प बसू नये. पावतीचा फोटो ठेवावा, कुणाशी काय बोलणे झाले ते तारखेसह लिहावे, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आपल्यासाठीच आहे. नियमच बदलले तर त्यावर तक्रार फार चालत नाही, हे मी प्रांजळपणे सांगते. परंतु दिलेला शब्द मोडला तर चालते.

आमच्या खात्यावर आता ३६,००० पॉइंट उरले आहेत. ते मुलीच्या नावाने राखून ठेवलेले आहेत, कारण ती राहून गेली. जवळपासच्याच एखाद्या गावी, तिच्या परीक्षा संपल्यावर, एक रात्र. आणि त्या रात्रीची तारीख आम्ही ठरवणार. ती तारीख त्यांच्याकडे मिळाली नाही, तर रोख पैसे भरून साध्या लॉजवर जाऊ, पण तारीख बदलणार नाही, असे यजमानांनी स्वतः कबूल केले आहे. मला विचाराल तर नऊ वर्षांच्या पॉइंटांतून घराला मिळालेली सर्वांत चांगली वस्तू हीच.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीने आपापल्या घरच्या पॉइंटांचा कागद आणावा, अशी मी अध्यक्षबाईंच्या परवानगीने सूचना करते. इंग्रजी वाचायला आपल्या मुली आहेत, हिशेब करायला आपण आहोत.